एमएमएमध्ये खरं बॉक्सिंग कुणाला येतं, हे स्वतः कसं ओळखायचं

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या फाइट्स, आणि यूएफसी ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. यूएफसीत बेस्ट बॉक्सर कोण, हा वाद कुठल्याही दोन एमएमए फॅन्समध्ये लावून द्या आणि गंमत बघत बसा. एक म्हणणार मॅक्स होलोवे, दुसरा म्हणणार टोपुरिया, आणि एखादा असतोच जो अजून २०१६ मध्येच राहतो आणि मॅकग्रेगरच्या पुढे जायला तयार नसतो. बरं पुरावा काय, तर नॉकआउटचे हायलाइट्स. आता फक्त सिक्सर बघून कुणाचं बॅटिंगचं टेक्निक ठरवाल का? तसंच आहे हे. त्यामुळे मी इथे सरळ एक ते दहा यादी देत नाहीये, आधी बघायचं कसं ते सांगतो, मग शेवटी माझी नावं देतोच, ती पटली नाहीत तर निदान का पटली नाहीत हे तरी तुम्हाला नीट सांगता येईल.

पहिलं काम, नॉकआउट बाजूला ठेवा

डेरिक लुईस घ्या. यूएफसीच्या इतिहासात सगळ्यात जास्त नॉकआउटचा विक्रम त्याच्या नावावर आहे. आता त्याला बेस्ट बॉक्सर कुणी म्हणतं का? नाही म्हणत, आणि तो स्वतःही म्हणणार नाही. तो वाट बघतो, अंगावर मार घेतो, मग एकदम सगळी ताकद लावून तीन-चार हात फेकतो आणि त्यातला एक लागला की समोरचा गेला. हे भारी आहे, बघायला मजा येते, पण ही ताकद आणि टायमिंग आहे, बॉक्सिंग म्हणजे याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं. ठोसा लागायच्या आधी त्याने समोरच्याला कुठे उभं केलं होतं, कशाची सवय लावली होती, आणि ठोसा मारून झाल्यावर तो स्वतः कुठे होता.

फ्रान्सिस एन्गानूने ऑक्टोबर २०२३ मध्ये टायसन फ्युरीला तिसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं आणि स्प्लिट डिसिजनने (जजेसचं एकमत न होता) हरला, तेव्हा सगळे म्हणायला लागले की बघा, एमएमएवाल्यांचं बॉक्सिंग कमी समजू नका. मग मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. दोन्ही फाइट्स खऱ्या आहेत पण दोन्हींवरून एन्गानू एमएमएमध्ये किती चांगलं बॉक्सिंग करतो हे फारसं कळत नाही, कारण तो खेळच वेगळा आहे. मॅकग्रेगर ऑगस्ट २०१७ मध्ये मेवेदरकडून दहाव्या राउंडला हरला, त्याचंही तेच. रिंगमधल्या रिझल्टवरून केजमधलं (एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यातलं) बॉक्सिंग मोजायचं नाही, हे एकदा डोक्यात पक्कं केलं की अर्धे वाद मिटतात.

केजमधलं बॉक्सिंग वेगळं का असतं

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

ग्लव्ह्ज. एमएमएचे ग्लव्ह्ज चार औंसांचे, बोटं उघडी. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये हलक्या गटांना आठ औंस आणि वेल्टरवेटच्या वर दहा औंस. आता आठ-दहा औंसांचा ग्लव्ह तोंडासमोर धरला की तीच एक भिंत होते, मागे लपून बसता येतं. चार औंसांचा ग्लव्ह तोंडासमोर धरला तर मधून सगळं आत येतं. म्हणजे दोन्ही हात वर घेऊन नुसतं झाकून बसणं हा बॉक्सिंगमधला चांगला डिफेन्स केजमध्ये गळक्या छपरासारखाच, अंतर आणि डोक्याची हालचाल लागतेच.

मग लाथा. बॉक्सर समोरचा पाय थोडा आत वळवून, त्यावर बऱ्यापैकी वजन टाकून उभा राहतो, त्यामुळे जॅबला (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला) लांबी मिळते आणि खांदा हनुवटी झाकतो. केजमध्ये असं उभं राहिलात की पोटरीवर लाथ खाल्लीच, कारण वजन असलेला पाय वेळेत उचलता येत नाही. बॉक्सर ठोसा चुकवायला कमरेतून खाली वाकतो, तिथे केजमध्ये गुडघा येतो नाहीतर हेड किक. आणि या सगळ्यावर टेकडाऊनची, म्हणजे पकडून खाली पाडलं जायची भीती. उजवा हात पूर्ण ताकदीने फेकला की कंबर पुढे जाते, कंबर पुढे गेली की समोरचा पैलवान पायात घुसतो आणि तुम्ही आडवे. बॉक्सिंगमध्ये मिठी मारली तर रेफरी सोडवतो, इथे मिठी मारली की तिथून दुसरी फाइट सुरू होते.

म्हणून तर नुसतं बॉक्सिंग येणारे इथे तोंडावर आपटले. जेम्स टोनी, बॉक्सिंगमध्ये वेगवेगळ्या तीन वजनगटांत वर्ल्ड टायटल जिंकलेला माणूस, ऑगस्ट २०१० मध्ये यूएफसी ११८ ला रँडी कूटूरसमोर आला. कूटूर सरळ पायात गेला, खाली पाडलं, आणि पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून टॅप करायला (हार मानायला) लावलं. टोनीचा एक ठोसाही कामाचा लागला नाही. क्लॅरेसा शिल्ड्स, २०१२ आणि २०१६ ची ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट, तिने पीएफएल या एमएमए लीगमध्ये पहिली फाइट जिंकली पण ऑक्टोबर २०२१ मध्ये अबिगेल मोंतेसकडून हरली, आणि कारण तेच, जमिनीवरचा खेळ. तिच्या हातांबद्दल कुणाला शंका आहे का? नाही. पण केजमध्ये ते हात वापरायची परवानगी आधी मिळवावी लागते, आणि ती मिळते टेकडाऊन डिफेन्समधून.

त्यामुळे एमएमएमध्ये ‘चांगलं बॉक्सिंग’ म्हणजे लाथा आणि टेकडाऊन यांच्या सावटाखाली टिकणारं बॉक्सिंग. एखाद्याचे हात जिममध्ये कितीही सुंदर दिसत असोत.

आता बघायचं कसं: आधी पाय

एखादी फाइट निवडा जी तुम्ही आधी बघितली आहे, रिझल्ट माहिती आहे. आवाज बंद करा. कॉमेंट्री फार फसवते, एखादा ठोसा गार्डवर (झाकलेल्या हातांवर) लागला तरी ओरडतात आणि आपल्याला वाटतं लागला. मग पहिला राउंड फक्त पायांकडे बघत बघा, हातांकडे बघायचंच नाही. सुरुवातीला कंटाळा येतो पण पाचच मिनिटं आहेत.

काय बघायचं तर, पाय एकमेकांत अडकतात का, मागे जाताना सरळ रेषेत जातो का कोनात बाहेर पडतो, आणि ठोसा मारताना पाय जमिनीवर असतात की उडी मारून मारतो. सरळ मागे जाणारा माणूस केजला पाठ लागली की संपला, हे जवळपास दर इव्हेंटला दिसेल तुम्हाला. आणि पुढे जाणारा असेल तर तो नुसता मागे मागे धावतोय की रस्ता कापतोय ते बघा. ऑक्टागॉन, म्हणजे यूएफसीचा केज, तीस फूट रुंद, त्यात आठ बाजू, बॉक्सिंग रिंगसारखे काटकोनातले कोपरे नाहीत, त्यामुळे समोरच्याला कोंडणं जास्त अवघड आहे. धावणाऱ्याच्या मागे न लागता तो जिकडे जाणार तिकडे एक पाऊल आधीच टाकणं, हे ज्याला येतं त्याचं बॉक्सिंग पायापासून चांगलं आहे असं समजा.

इलिया टोपुरियाची फेब्रुवारी २०२४ ची वोल्कानोव्स्कीविरुद्धची फाइट, यूएफसी २९८, या नजरेने बघा. सगळ्यांना दुसऱ्या राउंडमधला उजवा हात आठवतो. पण त्याच्या आधी वोल्क हळूहळू केजकडे सरकवला गेलाय, आणि तोही वोल्कसारखा माणूस ज्याचं फुटवर्क त्या वजनात सगळ्यात हुशार मानलं जायचं. टोपुरिया घाई करत नाही. छोटी छोटी पावलं, वजन मध्ये, आणि पल्ल्यात आला की मग एक नाही, तीन-चार ठोसे, खाली-वर.

उलटं उदाहरण बघायचं असेल तर मॅकग्रेगर विरुद्ध पॉरिये, जानेवारी २०२१, यूएफसी २५७. मॅकग्रेगर त्या वेळी बॉक्सिंगच्या स्टान्समध्ये उभा होता, पुढच्या पायावर वजन, आणि पहिल्या राउंडमध्ये त्याचे हात खरंच चांगले चालले होते. पॉरियेने काय केलं, पोटरीवर लाथा मारत राहिला. दुसऱ्या राउंडपर्यंत तो पाय कामातून गेला, मग डावा हात कितीही भारी असला तरी तो टाकायला खाली पाय हवा ना. पॉरियेने ठोशांनी संपवलं पण फाइट जिंकली ती पोटरीवर. डियाझ बंधूंचाही हाच प्रॉब्लेम. नेट आणि निक दोघांचं बॉक्सिंग, म्हणजे सतत हात चालू ठेवणं, अर्ध्या ताकदीचे दहा ठोसे आणि मग एक पूर्ण ताकदीचा, दम तर असा की समोरचा तिसऱ्या राउंडला मेलेला, हे सगळं मला फार आवडतं. पण पुढचा पाय कायम लाथा खात राहिला. ऑगस्ट २०१६ च्या रीमॅचमध्ये मॅकग्रेगरनेच नेटला तिथे धरलं होतं.

मग जॅब

ज्याचा जॅब चांगला त्याचं बॉक्सिंग चांगलं, असं डोळे झाकून म्हणता येत नाही पण नव्वद टक्के वेळा बरोबर येतं. एमएमएमध्ये खूप फायटर्स जॅब मारतच नाहीत, किंवा मारतात तो नुसता हात लांब करून अंतर मोजल्यासारखा. खरा जॅब समोरच्याचं डोकं मागे नेतो, त्याची लय तोडतो.

यात एक फाइट बघायलाच हवी, जॉर्ज सेंट-पिएर विरुद्ध जॉश कॉसचेक, यूएफसी १२४, डिसेंबर २०१०, मॉन्ट्रियल. पाच राउंड जवळपास एकच ठोसा. जॅब, जॅब, परत जॅब. कॉसचेकच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. आणि सेंट-पिएर, म्हणजे जीएसपी, मुळात बॉक्सर नव्हे, कराटे आणि कुस्तीचा माणूस! पण कॉसचेकला प्रत्येक क्षणी टेकडाऊनची भीती, जीएसपीचा खांदा हलला की तो खाली बघायचा आणि जॅब तोंडावर. म्हणजे इथे कुस्तीने बॉक्सिंगला मोठं केलं. एमएमए बॉक्सिंगचं गुपित म्हणा हवं तर, की टेकडाऊनची हुलकावणी आणि पोटातला जॅब दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात, दोन्हीत गुडघे वाकतात आणि डोकं खाली येतं, समोरच्याला कळत नाही हात खाली न्यायचे की वर ठेवायचे.

हुलकावण्या मोजा. खरंच मोजा एका राउंडमध्ये. ज्याच्या खांद्याच्या, कमरेच्या, पायाच्या छोट्या हुलकावण्यांना समोरचा दचकतोय, तो पुढे आहे, भले त्याने अजून काही मारलेलं नसो. वोल्कानोव्स्कीने होलोवेला तीनदा हरवलं ते मुख्यतः यावर, जुलै २०२२ ची तिसरी फाइट तर एकतर्फीच होती, होलोवेला लय मिळूच दिली नाही.

शॉन स्ट्रिकलंडचं नाव इथेच घेतो. माणूस म्हणून काय वाटतं ते वाटू द्या, सप्टेंबर २०२३ ला सिडनीत त्याने अदेसान्याला पाच राउंड कसं चालवलं ते बघा. हात खाली-वर, खांदा पुढे, मागच्या हाताने ठोसे बाजूला सारायचे, सरळ उभं राहून पुढे चालत राहायचं, जॅब आणि अधूनमधून पोटात सरळ लाथ. दिसायला अगदी साधं. पहिल्या राउंडमध्ये अदेसान्याला पाडलंही. पण त्याच्या कॉम्बिनेशन्समध्ये विविधता कमी आहे, म्हणून माझ्या यादीत तो वरच्या टोकाला येत नाही.

पोट आणि बरगड्या

हा माझा आवडता भाग आहे, थोडा जास्त लिहितो.

एमएमएमध्ये शरीरावर ठोसे फार कमी लोक नीट मारतात. कारण सोपं आहे, पोटात मारायला आत यावं लागतं, हात खाली जातो, त्या वेळी डोकं उघडं, आणि गुडघ्याची, गळा पकडला जायची भीती. म्हणून जो हे करतो आणि सुखरूप बाहेर येतो, त्याला अंतराची आणि टायमिंगची खरी जाण आहे. खाली मारायच्या आधी तो वर काहीतरी दाखवतो का बघा. वर दोन ठोसे, समोरच्याचे कोपर वर उचलले गेले, मग डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) यकृतावर. उलटंही चालतं, दोन-तीनदा खाली मारलं की समोरच्याचे हात आपोआप खाली यायला लागतात, मग वरचा रस्ता मोकळा.

होसे आल्डो विरुद्ध जेरेमी स्टीफन्स, जुलै २०१८. स्टीफन्स मारत सुटलाय, आल्डो अडचणीत वाटतोय, आणि एक डावा हात यकृतावर. स्टीफन्स तिथेच घडी होऊन खाली. आल्डो तरुणपणी लेग किकसाठी प्रसिद्ध होता, पण करिअरच्या उत्तरार्धात तो जवळपास पूर्ण बॉक्सर झाला आणि माझ्या मते त्या काळातला आल्डो टेक्निकमध्ये आधीच्या आल्डोपेक्षा सरस आहे, वेग कमी झाला एवढंच.

दुसरी फाइट, स्टीपे मिओचिच विरुद्ध डॅनियल कॉर्मिए, दुसरी, ऑगस्ट २०१९, यूएफसी २४१. तीन राउंड कॉर्मिए पुढे आहे असं म्हणायला हरकत नाही. चौथ्यात स्टीपेला कळलं की डावा हुक पोटात लागतोय आणि कॉर्मिए त्याला काहीच उत्तर देत नाहीये. मग त्याने तोच मारला, परत तोच, परत तोच. कॉर्मिए आखडला, कोपर खाली आलं, आणि मग वर उजवा. टायटल परत. भर फाइटमध्ये, थकलेला असताना, एक भोक सापडणं आणि तेच धरून बसणं, याला रिंगसेन्स म्हणतात. स्टीपेच्या हातात चमक नाही, पण डोकं बॉक्सरचं आहे.

आणि टोपुरियाची मार्च २०२२ ची लंडनमधली जाई हर्बर्टविरुद्धची फाइट. पहिल्या राउंडमध्ये हर्बर्टने हेड किकने त्याला पाडलं होतं, आणि हर्बर्ट उंचीला खूप मोठा, वजनगटही टोपुरियाच्या नेहमीच्या गटाच्या वरचा. दुसऱ्या राउंडमध्ये आधी शरीर, लगेच डोकं, आणि हर्बर्ट पडायच्या आधीच बेशुद्ध. ते रीप्लेमध्ये स्लो करून बघा, खालच्या ठोशाने हर्बर्टचा हात किती हलतो ते बघा.

ठोसा मारून झाल्यावर काय करतो

हे बघणारे फार कमी असतात. कॉम्बिनेशन संपलं की डोकं त्याच जागी आहे का? असेल तर पुढच्या वेळी तिथे काउंटर (उलट ठोसा) येणार. हात सरळ परत हनुवटीकडे येतो की खाली लोंबत येतो?

कोडी गारब्रांटची ३० डिसेंबर २०१६ ची डॉमिनिक क्रूझविरुद्धची फाइट बघा, केवढी सुंदर. क्रूझसारख्या सतत हलणाऱ्या माणसाला त्याने चुकायला लावलं, ठोसे डोक्याच्या हालचालीवर सोडले, काउंटर मारले, चौथ्या राउंडमध्ये तर मध्येच नाचून दाखवलं. त्या रात्री तोच बेस्ट बॉक्सर होता. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये डिलशॉसमोर एकदा राग आला की हनुवटी वर करून हुकाला हुक देत बसला आणि दुसऱ्या राउंडला गेला. टेक्निक होतं ते कुठे गेलं? दबावाखाली टिकलं नाही. त्यामुळे कुणाच्याही एका फाइटवरून ठरवू नका, निदान एक जिंकलेली आणि एक हरलेली बघाच.

आकड्यांचं काय

होलोवेने १६ जानेवारी २०२१ ला अबू धाबीत कॅल्विन कॅटरवर ४४५ सिग्निफिकंट स्ट्राइक्स मारले, तो विक्रम आहे. पाचव्या राउंडमध्ये कॅटरचे ठोसे चुकवता चुकवता कॉमेंटेटर्सकडे बघून ओरडला की यूएफसीतला बेस्ट बॉक्सर मीच. आणि कॅटर काही ऐरागैरा नाही, त्याचं स्वतःचं बॉक्सिंग चांगलं. ती फाइट अप्रतिम आहे.

पण आकड्याने भारून जायच्या आधी हे लक्षात घ्या की सिग्निफिकंट स्ट्राइक म्हणजे फक्त ठोसे नव्हेत, त्यात लाथा, कोपर, गुडघे सगळं येतं. लांबून मारलेला कुठलाही लागलेला फटका मोजला जातो, जोर कितीही असो. त्यामुळे लेग किक मारणाऱ्याचा आकडा पण फुगतो. डिसेंबर २०२१ च्या रॉब फाँट विरुद्ध आल्डो फाइटमध्ये फाँटचे फटके जास्त लागले, त्याचा जॅब तर कायमच छान, पण आल्डोने त्याला अनेकदा पाडलं, हलवलं आणि तिन्ही जजेसनी आल्डोलाच दिली. नुसता स्कोअरकार्ड शेजारचा आकडा बघितला असता तर वाटलं असतं चोरी झाली.

आकडा वापरायचाच असेल तर समोरच्याचे किती टक्के फटके चुकले तेवढा बघा, त्यातून डिफेन्सचा थोडा अंदाज येतो. बाकी डोळ्यांवर विश्वास ठेवा.

आता नावं

सगळ्यात वर मी दोघांना ठेवतो आणि त्यातला एक निवडायला लागला तर टोपुरिया. हातांची लांबी कमी असूनही तो अंतर बंद करतो, आत आला की कॉम्बिनेशन छोटं आणि घट्ट, कोपर अंगाजवळ, डोकं मधल्या रेषेवरून बाजूला. ऑक्टोबर २०२४ ला त्याने होलोवेला तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं, त्याच होलोवेला ज्याला आख्ख्या करिअरमध्ये कुणी नॉकआउट करू शकलं नव्हतं. मग जून २०२५ ला चार्ल्स ऑलिव्हेराला पहिल्याच राउंडमध्ये. आणि हे सगळं त्याला निर्धास्त करता येतं कारण लहानपणी ग्रीको-रोमन कुस्ती, नंतर जिऊ-जित्सू, त्यामुळे खाली नेण्याची भीती त्याला नाही, समोरच्याला आहे. वरती जे म्हटलं ना परवानगी मिळवावी लागते, ते हेच.

दुसरा पेत्र यान. याच्याकडे रशियात बॉक्सिंगचं मास्टर ऑफ स्पोर्ट्स हा किताब आहे आणि ते दिसतंही. पहिला राउंड तो नुसता वाचतो, बघणाऱ्याला वाटतं काहीच करत नाहीये, कधीकधी तो राउंड हरतोही. मग दुसऱ्यापासून एकेक दार बंद करत जातो. डावखुरा आणि उजवा दोन्ही स्टान्स, आणि तेही ठोसा मारता मारता पाऊल टाकून बदलतो, त्यामुळे पुढचा ठोसा कुठल्या हाताने येणार तेच कळत नाही. गार्ड उंच, पण त्यामागे नुसता बसत नाही, लगेच उत्तर देतो. जुलै २०२० ला आल्डोला पाचव्या राउंडमध्ये संपवलं ती फाइट दोन चांगल्या बॉक्सर्सची आहे, पहिले तीन राउंड तर मी परत परत बघतो. मार्च २०२३ ला मेराब द्वालिश्विलीने त्याच्यावर ४९ टेकडाऊनचे प्रयत्न केले आणि त्या रात्री यानचं बॉक्सिंग दिसलंच नाही. म्हणून मी त्याला टोपुरियाच्या खाली ठेवतो, जरी नंतर डिसेंबर २०२५ ला त्याने मेराबला हरवून टायटल परत आणलं तरी. शुद्ध हातांचा विचार केला तर कदाचित यानच.

होलोवे तिसरा. त्याचं बॉक्सिंग म्हणजे लय, व्हॉल्यूम आणि दम, समोरच्याला विचार करायलाच वेळ न देणं. एप्रिल २०२४ ला यूएफसी ३०० मध्ये गेथीला शेवटचे दहा सेकंद उरले असताना मध्यभागी बोट दाखवून बोलावलं आणि पाचव्या राउंडच्या ४:५९ ला झोपवलं, जिंकत असताना! पण ताकदवान आणि घट्ट हातांच्या माणसासमोर त्याची हनुवटी उंच राहते, ते टोपुरियाने दाखवलं.

मग आल्डो, पॉरिये, जॅक डेला मॅडालेना. जॅकचे हात इतके स्वच्छ आहेत की शिकणाऱ्याने त्याच्या फाइट्स बघाव्यात, मे २०२५ ला बेलाल मुहम्मदकडून टायटल घेतलं तेही बरंचसं हातांवर. नोव्हेंबर २०२५ ला माखाचेवने त्याला पाचही राउंड जमिनीवर धरून ठेवलं, आणि आपण परत टोनीच्या गोष्टीवर आलो.

हेवीवेटमध्ये ज्युनियर डोस सांतोसचा पोटातला जॅब आणि त्यामागून येणारा उजवा ओव्हरहँड (वरून फिरवून मारलेला ठोसा) विसरू नका, नोव्हेंबर २०११ ला केन वेलास्केझला ६४ सेकंदांत. त्या दोघांच्या पुढच्या दोन फाइट्समध्ये केनने त्याला केजला दाबून दाबून चिरडलं, पण त्याचा काळ होता तेव्हा त्या वजनात असे हात कुणाचे नव्हते, स्टीपे थोडा नंतरचा.

महिलांमध्ये हॉली होल्म. बॉक्सिंगमध्ये आधी अनेक वर्षं वर्ल्ड चॅम्पियन. नोव्हेंबर २०१५ ला रॉंडा राउझीविरुद्ध सगळ्यांना हेड किक आठवते, पण ती किक लागायच्या आधी रॉंडाची काय अवस्था झाली होती बघा. गोल फिरत राहायचं, रॉंडा सरळ रेषेत अंगावर आली की डावा सरळ हात, परत बाहेर. रॉंडा हवेत हात मारतेय, तोल जातोय. बॉक्सरने ग्रॅपलरला (पकडून पाडणाऱ्याला) कसं हाताळायचं याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही, फक्त पुढे पुढे होल्म फार सावध झाली आणि तेवढे हात परत चालले नाहीत.

मॅकग्रेगर कुठाय म्हणाल. डावा सरळ हात आणि अंतर, यात त्याच्या चांगल्या काळात तो कुणाच्याही बरोबरीचा, नोव्हेंबर २०१६ ची एडी अल्व्हारेझविरुद्धची फाइट बघा, अल्व्हारेझ आत आला की मागे सरकत काउंटर, आणि शेवटी चार ठोशांची माळ. पण खेळ पहिल्या दोन राउंडचा, आणि बराचसा एकाच हाताचा. टॉप पाचमध्ये नाही बसवत मी, दहात घेतो.

सुरुवात करायची असेल तर आल्डो-यान आधी बघा, आवाज बंद, पहिला राउंड फक्त पाय, दुसरा फक्त जॅब आणि हुलकावण्या, तिसरा फक्त पोटावरचे ठोसे. चौथा-पाचवा आवाज चालू करून बघितला तरी चालेल.